जेसीबीनं खांब पाडला, नऊ दिवस लाईन नव्हती. नुकसान कोणाकोणाचं धरायचं?

धुऱ्यावरून (वरुड तालुका)

मे महिन्यात आमच्या गावात रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं विजेचा खांब पाडला. तारा एकमेकींवर आदळल्या, डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली. त्याच फटक्यात रस्त्याखालून गेलेली एका कास्तकाराची पाईपलाईनही फुटली. लाईन परत यायला नऊ दिवस लागले. पारा पंचेचाळीसच्या आसपास आणि संत्र्याच्या झाडावर अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेली, सुपारीहून थोडी मोठी फळं. पुढं काय झालं ते संत्रेवाल्यांना सांगायला नको.

ठेकेदार ग्रामपंचायतीत आला, चहा घेतला आणि म्हणाला, "फुटलेला पाईप भरून देतो. बाकीचं माझ्या अंगावर टाकू नका." पाईप म्हणजे तीन नळ्या, दोन जोड आणि प्लंबरची अर्ध्या दिवसाची मजुरी.

बाकीचं काय ते सांगतो. पाईपवाल्याच्या बागेत झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडला. त्याच्या शेजाऱ्याचा पाईप शाबूत, पण मोटर बंद, त्यामुळं गळ तेवढीच. दूध संकलन केंद्रातल्या कूलरचं दूध नासलं. चक्कीवाल्याचं काही फुटलं नाही, काही नासलं नाही. गिऱ्हाईक दुसऱ्या गावात दळायला गेलं, एवढंच. आणि वरच्या वाडीत भेंडी-वांग्याच्या तोडणीला जाणाऱ्या आठ-दहा बायांना नऊ दिवस काम नव्हतं, कारण वाडीच वाळली.

आम्ही तालुक्याला एका वकिलाला विचारलं. त्यांनी बोटावर मोजल्यासारखं सांगितलं: पाईप मिळेल, पाईपवाल्याची बाग मिळेल, शेजाऱ्याची बाग भांडून मिळेल, दूध मिळेल. चक्की अवघड. बायांचं विसरा.

माझं म्हणणं असं की कायद्याच्या नजरेत नुकसान व्हायला तुमच्याकडं आधी नासण्या-फुटण्याजोगं काहीतरी मालकीचं लागतं. सात-बारा असला तर नुकसान, नसला तर नुसती गैरसोय. एकाच खांबानं सगळ्यांना मारलं आणि भरपाई मात्र ज्याच्याजवळ होतं त्यालाच. हे मला पटत नाही. तुम्हाला पटत असेल तर का पटतं ते सांगा.

काळा कोट, अचलपूर

तुमच्या वकिलानं बरोबर सांगितलं, फक्त कारण सांगितलं नाही. ते मी सांगतो.

आपल्याकडं निष्काळजीपणाच्या भरपाईचा सलग लिहिलेला असा एक कायदा नाही. मोटार अपघात, कामगार, ग्राहक यांचे वेगळे कायदे आहेत. बाकीचं न्यायालयांच्या निवाड्यांतून उभं राहिलं, आणि त्याचा पाया इंग्लंडचा. दावा टिकायला तीन गोष्टी लागतात: समोरच्यानं काळजी घ्यायला हवी होती, त्यानं ती घेतली नाही, आणि त्यामुळं नुकसान झालं. तिसरी नसेल तर पहिल्या दोन कितीही पक्क्या असल्या तरी दावा उभा राहत नाही. तुमच्या गावात ती तुटलेली तार एखाद्या पोराच्या पायापासून हातभर अंतरावर पडली असती आणि पोरगं सुखरूप घरी गेलं असतं, तर दिवाणी भरपाई शून्य.

आता तुमचाच किस्सा इंग्लंडमध्ये घडून गेलेला आहे. 1969 साली बर्मिंगहॅममध्ये रस्त्याचं काम करणाऱ्यांच्या खोदयंत्रानं विजेची केबल तोडली. स्पार्टन स्टील नावाच्या कारखान्यात साडेचौदा तास वीज नव्हती. भट्टीत वितळत असलेला माल बिघडला, ते नुकसान 368 पौंड. तो नीट निघाला असता तर त्यावर 400 पौंड नफा. आणि वीज असती तर तेवढ्या वेळात भट्टी आणखी चारदा भरता आली असती, त्याचे 1,767 पौंड. 1972 मध्ये अपील न्यायालयानं पहिल्या दोन रकमा दिल्या, तिसरी नाकारली. लॉर्ड डेनिंग यांचं म्हणणं साधारण असं की वीज कधीमधी जातेच, लोक ते सोसतात, दुसऱ्या दिवशी जास्त काम करून भरून काढतात. अशा प्रत्येक बुडालेल्या नफ्याचा दावा मान्य केला तर दाव्यांना अंत राहणार नाही.

तुमचं नासलेलं दूध म्हणजे भट्टीतला माल. तुमची चक्की म्हणजे न भरलेल्या चार भट्ट्या. रेषा कुठंतरी ओढावी लागते आणि ही रेषा निदान डोळ्यांना दिसते.

वावरातला गडी

वकीलसाहेब, दुसऱ्या दिवशी जास्त काम करून भरून काढते म्हंता. गळलेलं संत्रं दुसऱ्या दिवशी झाडाले चिकटते काय बाप्पा? अन् बाईची बुडालेली रोजी? नऊ दिवसाची भेंडी दहाव्या दिवशी एकदम तोडाले कोनं ठेवली?

बर्मिंगहॅमले साडेचौदा तास लाईन गेली तं कोर्टात गेले. आमच्याइकडं साडेचौदा तास म्हंजे लाईन गेलीच नाई म्हना.

रोलरखालचा

मी रस्त्याच्या कामांवर सुपरवायझर आहे, म्हणून ठेकेदाराची बाजू कोणीतरी मांडायलाच हवी.

रस्त्याच्या जागेतून पाईप टाकायला खात्याची परवानगी लागते. त्या पाईपवाल्याकडं आहे का? वर खूण होती का? आमच्याकडं नकाशात असं काही नसतं. वीस वर्षांपूर्वी कोणीतरी रात्रीतून चर खोदून नळी टाकलेली असते, आणि बकेट लागली की आम्ही निष्काळजी.

दुसरं, खांब पाडला हा आमचा दोष, मान्य. पण नऊ दिवस हा आमचा दोष कसा? डीपी तिसऱ्या दिवशी बसली असती तर एवढी गळ झाली असती का?

तिसरं, आणि हे गावातल्यांना झोंबेल. मे महिन्यात मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा, धरणारे बागेला ताण देतात. पाणी मुद्दाम तोडतात. अशा किती जणांनी "पाणी मिळालं नाही हो" म्हणून यादीत नावं घातली ते धागाकर्त्यानं सांगावं.

धुऱ्यावरून

दोन नावं आली होती, ताणावरच्या बागांची. झाडाला फळ नाही आणि फळगळीचा अर्ज! ती आम्हीच काढली. ज्याला संत्र्याचं कळतं त्याच्यासमोर हा खोटेपणा एक मिनिट टिकत नाही: अंबिया बहाराच्या झाडाखाली फळं पडलेली असतात, ताणाच्या झाडाची पानं नुसती मलूल असतात.

परवानगीचं म्हणाल तर पाईपवाल्याकडं ग्रामपंचायतीचा ठराव आहे, खात्याचा कागद नाही. पण खांब तर जमिनीवर उभा होता ना? तोही नकाशात नव्हता का?

काळा कोट, अचलपूर

परवानगी नसण्यानं पाईपवाल्याचा दावा अशक्त होतो, मरत नाही. त्याचाही थोडा दोष धरून रक्कम कमी होऊ शकते. पण शेजाऱ्याला हे लागूच नाही, त्याची मोटर तर खांब पडल्यानं बंद झाली.

नऊ दिवसांच्या मुद्द्यात दम कमी आहे. आपल्या चुकीमुळं पुढं काय होऊ शकतं याचा सामान्य माणसाला अंदाज येण्याजोगा असेल, तर ते चूक करणाऱ्याच्या माथी येतं. मे महिन्यात डीपी उशिरा मिळते हे विदर्भात शेंबडं पोरगंही सांगेल. पुरवठादारानं ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही तर वीज कायदा 2003 च्या कलम 57 खाली त्याच्याकडून वेगळी भरपाई मागता येते. ती मागा, पण त्यानं ठेकेदार सुटत नाही.

मात्र एक विचारतो. बागवाल्यांनी हात बांधून पाहत बसायचं नसतं. शक्य तेवढं नुकसान थांबवावं लागतं. टँकर लावला होता का?

धुऱ्यावरून

पाईपवाल्यानं तिसऱ्या दिवसापासून लावला, पावत्या आहेत. शेजाऱ्याकडं पैसेच नव्हते.

काळा कोट, अचलपूर

मग टँकरचा खर्चही दाव्यात घाला, तो नुकसान थांबवण्याचाच खर्च आहे. शेजाऱ्याकडं पैसे नव्हते हेही सांगा. जमण्याजोगं होतं का, एवढंच पाहिलं जातं.

मोर्शीची लेक

इथं सगळे झाडाखालची फळं मोजत आहेत. मी त्या बायांचं मोजून दाखवते.

समजा, ती तार त्यांच्यातल्या एकीवर पडली असती आणि ती गेली असती. वय 38, महिन्याला 6,000 रुपये मजुरी, घरी नवरा आणि दोन लेकरं. मोटार अपघातासाठी सर्वोच्च न्यायालयानं सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निवाड्यांत जी रीत घालून दिली, ती दुसऱ्या मृत्यूंच्या दाव्यांतही आधाराला घेतात. वर्षाचे 72,000. पुढं वाढलं असतं म्हणून 40 टक्के जोडा, झाले 1,00,800. तिचा स्वतःवरचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा, राहिले 67,200. या वयाला गुणक 15. झाले 10,08,000, वर अंत्यविधी वगैरेचे वेगळे. आणि वीजवाल्यांना "आमची चूक नव्हती" असंही सहज म्हणता आलं नसतं. मध्य प्रदेशात पावसाच्या पाण्यात पडलेल्या जिवंत तारेनं सायकलवाला गेला, त्या शैल कुमारी प्रकरणात 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असला धोकादायक धंदा करणाऱ्यावर चूक सिद्ध न होताही जबाबदारी येते.

म्हणजे ती मेली तर तिची पुढच्या पंधरा वर्षांची मजुरी रुपयात मांडता येते. जिवंत राहिली आणि नऊ दिवसांची बुडाली तर "विसरा". याला न्याय म्हणायचं का हिशोबाची सोय?

काळा कोट, अचलपूर

ताई, आकडेमोड बरोबर आहे आणि चीडही. पण फरक मनमानी नाही. शरीराला इजा झाली की त्यामागं बुडालेली मजुरी येते; मालाला इजा झाली की त्यामागं बुडालेला नफा येतो. नुसता पैसा बुडाला, आधी काहीच दुखावलं नाही, तिथं न्यायालयं हात आखडतात. त्या बायांची रोजी वाडी वाळल्यानं गेली, वाडी दुसऱ्याची. वाडीवाल्याला भरपाई मिळेल. त्यानं त्यातून बायांना काही द्यायचं का, हा त्याचा प्रश्न.

वावरातला गडी

वाडीवाला देइन म्हंता? आमचा वाडीवाला रोजीचे पैसे देतानी चिल्लर मोजून देते.

पुस्तकी किडा, नागपूर

लॉ कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. सर फक्त इंग्लंड सांगत आहेत, म्हणून ऑस्ट्रेलिया सांगतो.

1976 चं कॅल्टेक्स प्रकरण. सिडनीजवळ बॉटनी बे इथं गाळ काढणाऱ्या जहाजानं पाण्याखालची तेलाची पाईपलाईन तोडली. पाईपलाईन दुसऱ्याच कंपनीची. कॅल्टेक्सचं काहीच फुटलं नाही, फक्त तेल दुसऱ्या मार्गानं आणायचा खर्च पडला. तरी भरपाई मिळाली, कारण ही लाईन कोणाला तेल पुरवते हे तोडणाऱ्यांना कळण्याजोगं होतं. दाव्यांचा पूर येण्याची भीतीच नव्हती, नुकसान होणारा एकटा आणि ओळखता येणारा होता.

1999 चं पेरे प्रकरण तर कास्तकारांचंच आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका शेतकऱ्याला एका कंपनीनं बटाट्याचं बेणं दिलं, त्यात जिवाणूजन्य मर रोग निघाला. आजूबाजूच्या पेरे कुटुंबाच्या बटाट्याला रोग लागलाच नाही. पण रोग सापडलेल्या जागेपासून 20 किलोमीटरच्या आतला बटाटा पश्चिम ऑस्ट्रेलियात विकायला बंदी होती, त्यांचा बाजार गेला. एकही बटाटा न नासता बेणं देणाऱ्याला जबाबदार धरलं.

दोन्ही देशांचे निवाडे आपल्या न्यायालयांना सारखेच: ऐकायला चालतात, बंधन नाही. मग लॉर्ड डेनिंगच का?

आणि डेनिंगच्या खंडपीठात तिघे होते, त्यातले एडमंड डेव्हिस यांचं मत तेव्हाही उलट होतं.

काळा कोट, अचलपूर

चांगला अभ्यास आहे. पण दोन्हीत कळण्याची सोय होती. एका डीपीवर कोण कोण आहे हे जेसीबी चालवणाऱ्याला कसं कळणार?

धुऱ्यावरून

वकीलसाहेब, खांबापासून चक्की तीस पावलांवर आहे. वर पत्र्यावर लाल रंगात "पिठाची चक्की, मसाला, डाळ" लिहिलंय. खांब पडायच्या आधी दोन दिवस जेसीबीवाला त्याच चक्कीच्या सावलीत डबा खात होता, पट्ट्याचा आवाज ऐकत. त्याला आणखी कसं कळायला पाहिजे?

रोलरखालचा

उद्या खांब पडला म्हणून झेरॉक्सवाला, मोबाईल चार्जिंगवाला, ऑनलाईन फॉर्म भरणारा, सगळे येतील. गावात पन्नास जणांचा धंदा विजेवर आहे. मग ठेकेदार निविदेतच ते पैसे धरेल आणि तुमचाच रस्ता महाग होईल किंवा होणारच नाही. सहा महिने चिखलातून जा मग.

मोर्शीची लेक

पन्नास जण म्हणजे पूर नाही हो भाऊ. पन्नास जणांची यादी ग्रामसेवक एका दुपारी करतो. आणि ठेकेदारानं विमा काढावा, इतरांना होणाऱ्या नुकसानीचाही मिळतो. चक्कीवाल्यानं नऊ दिवसांचा विमा काढावा अशी अपेक्षा आहे का तुमची? त्या बायांनी?

रोलरखालचा

विमा असतो. त्याच्या अटी वाचा एकदा. तिथंही आधी "मालमत्तेची हानी" दाखवावी लागते.

मोर्शीची लेक

म्हणजे फिरून तिथंच.

मंडीवाला

माझा वेगळाच पेच आहे. त्या शेजाऱ्याची बाग मी मार्चमध्येच ठोक घेतली, इसार दिलाय. आता गळ झाली. तो म्हणतो सौदा पक्का, पूर्ण पैसे द्या. मी म्हणतो माल कुठाय? ठेकेदारावर दावा माझा की त्याचा?

काळा कोट, अचलपूर

तुमच्या चिठ्ठीत काय लिहिलंय त्यावर आहे. सर्वसाधारण नियम असा की मालाची मालकी ज्याची, जोखीम त्याची. झाडावरचं फळ तोडून न्यायचा सौदा असेल तर तोडेपर्यंत ते बहुधा शेतकऱ्याचंच राहतं, वेगळं ठरलं नसेल तर. म्हणजे दावा त्यानं करायचा, आणि तुम्ही आपसात इसाराचा हिशोब करायचा. चिठ्ठीवर "बाग सोपवली, राखण व्यापाऱ्याची" असं काही असेल तर उलटंही होऊ शकतं. फोटो काढून पाठवा.

मंडीवाला

चिठ्ठीवर फक्त आकडा आणि दोघांच्या सह्या आहेत.

काळा कोट, अचलपूर

वरुडची चिठ्ठी!

माजी तलाठी

इतकी चर्चा झाली, पण पुरावा काय ते कोणी विचारलं नाही. कोर्टात मोठे मोठे निवाडे नंतर लागतात, आधी पंचनामा लागतो.

गळीचे फोटो काढून भागत नाही. समोरचा म्हणेल मे महिन्यात गळ होतेच, आणि ते खरंच आहे. म्हणून दुसऱ्या फीडरवरची, म्हणजे विजेच्या वेगळ्या लाईनवरची, बाग शोधा, जिथं ते नऊ दिवस पाणी चालू होतं. त्याच वयाची झाडं, तोच बहार. दोन्हीकडं ठरावीक झाडं निवडून खाली पडलेली आणि वर राहिलेली फळं मोजा, कृषी सहायकाला सोबत घ्या. दोन्हींतला जो फरक निघेल तेवढंच तुमचं नुकसान, अख्खी गळ नाही. ई-पीक पाहणीत संत्रा नोंदवलेला आहे का तेही बघा. नसला तर बाग असूनही कागदावर पडीत.

खांब कोणी पाडला याची नोंद ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये त्याच दिवशी झाली का? पोलिसांत अर्ज? ठेकेदार "वाऱ्यानं पडला" म्हणायला कमी करणार नाही.

धुऱ्यावरून

अर्ज त्याच दिवशी दिला होता, पोच आहे. फळं मोजली नाहीत. मोजायला हवी होती, आता जे पडलं ते वाळून काळं पडलंय. दुसऱ्या फीडरची बाग आहे, तिथं झाडावरची मोजतो.

आम्ही ठरवलं ते असं. तालुका विधी सेवा समितीकडं दाखलपूर्व (दावा दाखल करण्याआधीच्या) तडजोडीचा अर्ज करतोय, लोकअदालतीत आधी प्रयत्न. बायांना वकील फुकट मिळतो, 1987 च्या विधी सेवा कायद्यात स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. अर्जात पाईपवाला, शेजारी, दूध केंद्र, चक्की आणि नऊ बाया. सगळी नावं एकत्र.

काळा कोट, अचलपूर

बायांची आणि चक्कीची नावं वेगळ्या अर्जात घाला. एकत्र घातली तर समोरचा वकील सगळ्यात अशक्त दाव्यावरच बोलेल आणि पक्के दावेही लांबतील. हा सल्ला फुकट आहे, पण चुकीचा नाही.

धुऱ्यावरून

तुम्ही म्हणता ते समजलं. पण तडजोडीच्या टेबलावर निवाड्यापेक्षा माणसं जास्त दिसतात. पाईपवाला एकटा गेला तर ठेकेदार त्याला गप्प करून निघून जाईल. नावं एकत्रच राहतील.

रोलरखालचा

मग तडजोड होणार नाही, सांगून ठेवतो.

पुस्तकी किडा, नागपूर

चक्कीवाल्यासाठी एक सुचवतो. "नऊ दिवस धंदा बुडाला" असं तोंडी सांगू नका. त्याच्या मीटरची मागच्या वर्षभराची बिलं काढा. चक्की किती चालते ते युनिटवरून कळतं, किलोमागं दळणाचा दर सगळ्या गावाला माहीत आहे. मे महिन्याच्या बिलात जो खड्डा दिसेल त्यातून विजेचा वाचलेला खर्च वजा करा, कारण चक्की चाललीच नाही तर तेवढं बिलही आलं नाही. जो आकडा राहील तेवढाच मागा. लहान असेल, पण त्याच्यावर समोरच्याला बोट ठेवता येणार नाही.

वावरातला गडी

अन् बायांचं मीटर कुठं रायते, ते बी सांग पोट्ट्या.

मोर्शीची लेक

वाडीवाल्याच्या हजेरीच्या वहीत. मागच्या महिन्याची पानं फाडायच्या आधी फोटो काढून घ्या.